१२७ पर्यंत बरोबर, १२८ पासून चूक: जावात 'समान' म्हणजे नेमकं काय

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर जावामध्ये आहे, मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस. चार तक्रारी आहेत. सभासद क्रमांकांची तुलना १२७ पर्यंत नीट चालते, १२८ पासून सभासद सापडत नाही. रक्कम कुणी बदललेली नसताना ऑडिट लॉगमध्ये (कुणी काय बदललं याची नोंदवही) '१५००.०० ऐवजी १५०० केली' अशा नोंदी पडतात. हॅशसेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संच) टाकलेली पावती डीबगरमध्ये (चालू प्रोग्रामच्या आत बघायचं साधन) समोर दिसते, तरी 'ही आत आहे का' विचारणारं कंटेन्स 'नाही' म्हणतं. आणि एकाच सभासदाचं नाव यादीत दोनदा येतं, अक्षर न् अक्षर सारखं दिसत असूनही.

या चार वेगवेगळ्या चुका नाहीत. 'हे दोन सारखे आहेत का' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चार प्रश्न दडलेले असतात: तोच ऑब्जेक्ट (मेमरीतली तीच वस्तू) आहे का, तीच किंमत आहे का, मॅपची की (ज्या खुणेवरून मॅप साठवलेली गोष्ट शोधतो ती) म्हणून तोच धरायचा का, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीच्या लेखी तो तोच आहे का. जावा पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देते. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर क्लास लिहिणाऱ्याने द्यायचं असतं. चौथ्याचं उत्तर कुठल्याच भाषेत तयार मिळत नाही. तुमच्या कोडमध्ये एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरलं गेलं आहे, म्हणून हा घोळ.

सभासद क्रमांक १२८

इंट म्हणजे नुसता आकडा. इंटिजर म्हणजे तो आकडा पोटात घेतलेला ऑब्जेक्ट. दोन इंटमध्ये == लावलं की आकडे ताडले जातात. दोन इंटिजरमध्ये लावलं की दोन्ही व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का, एवढंच बघितलं जातं. आत आकडा कोणता आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मग १२७ पर्यंत का चालतं? इंटचा इंटिजर करायची वेळ आली की कंपायलर तिथे व्हॅल्यूऑफ ही मेथड घालतो. ही मेथड −१२८ ते १२७ या आकड्यांसाठी आधीच बनवून ठेवलेले ऑब्जेक्ट पुन्हापुन्हा देते. त्यामुळे ५७ चा इंटिजर कुठूनही आला तरी तो एकच असतो. १२८ साठी मात्र नवा ऑब्जेक्ट तयार होतो, आणि दोन नव्या ऑब्जेक्टचे पत्ते वेगळे असणारच. हे करून बघा:

इंटिजर अ = १२८, ब = १२८;
अ <= ब → ट्रू
अ >= ब → ट्रू
अ == ब → फॉल्स

लहानमोठं ठरवायला आकडा बाहेर काढावाच लागतो, म्हणून पहिल्या दोन ओळी बरोबर येतात. == ला तो काढायची गरज वाटत नाही. कोथरूडमधल्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा डेटा घेऊन टेस्टिंग केलं तर ही चूक जन्मात सापडणार नाही. वाकड-हिंजवडीकडची सहा टॉवरची सोसायटी घेतली की पहिल्याच दिवशी सापडेल. जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) ऑटोबॉक्सकॅशमॅक्स हा पर्याय देऊन १२७ ची वरची मर्यादा वाढवता येते, पण फक्त इंटिजरसाठी, लाँगसाठी (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) नाही. उपाय म्हणून त्याकडे बघूच नका. त्याने चूक जात नाही, फक्त मोठ्या क्रमांकापर्यंत लपते.

दुरुस्ती सोपी वाटते: == काढा, किमती ताडणारी ऑब्जेक्ट्स.इक्वल्स घाला. पण 'फाइंड अँड रिप्लेस' करू नका, कारण इथे एक उलटा सापळा आहे. एका बाजूला लाँग आणि दुसऱ्या बाजूला साधा ५ असेल तर == बरोबर चालत होतं: एक बाजू प्रिमिटिव्ह (इंटसारखा नुसता आकडा) असली की लाँगमधला आकडा बाहेर काढून तुलना होते. तिथे ऑब्जेक्ट्स.इक्वल्स घातलं की ५ चा इंटिजर होतो, आणि लाँगची इक्वल्स मेथड आधी 'समोरचा लाँग आहे का' असंच विचारते. इंटिजर म्हटल्यावर उत्तर कायम फॉल्स. कंपायलर अवाक्षर काढत नाही. मॅपचंही तसंच: की लाँग असलेल्या मॅपला गेट करताना नुसता ५ दिला तर नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळतो, कारण गेट कुठलाही ऑब्जेक्ट स्वीकारते. ५ च्या मागे लाँगचा 'एल' लावायला विसरू नका, आणि शक्य असेल तर आयडीचा प्रकार सगळीकडे एकच ठेवा. अर्धा कोड इंटिजरवर आणि अर्धा लाँगवर, ही बऱ्याच जुन्या प्रोजेक्टची अवस्था असते आणि अशा चुका तिथेच पिकतात.

प्रिमिटिव्हशी तुलना करताना दुसरा धोका नलचा. इंटिजर नल असेल आणि समोर इंट असेल तर == फॉल्स देत नाही, सरळ नलपॉइंटर एक्सेप्शन फेकतं. डेटाबेसमधला कॉलम नल चालणारा असेल तर हे कधी ना कधी घडणारच.

स्ट्रिंगची (मजकुराची) गोष्ट हीच, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. कोडमध्ये अवतरणात लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंग जावा एकाच ठिकाणी ठेवते, त्यामुळे युनिट टेस्टमध्ये == पास होतं. डेटाबेसमधून, फॉर्ममधून किंवा सबस्ट्रिंग करून आलेली स्ट्रिंग वेगळा ऑब्जेक्ट असते, तिथे ते आपटतं. एनमसाठी (ठरावीक किमतींची यादी असलेला प्रकार) मात्र == च वापरा. तिथे प्रत्येक किमतीचा एकच ऑब्जेक्ट असतो, नलवर एक्सेप्शन येत नाही आणि दोन वेगळ्या एनमची चुकून तुलना केली तर कंपायलर अडवतो.

दुसऱ्या भाषांतून आलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. पायथनमध्ये == किंमत बघतं आणि ओळख बघायला 'इज' आहे; सीपायथनही (पायथनची नेहमीची आवृत्ती) −५ ते २५६ हे आकडे तयार ठेवतं, त्यामुळे 'इज'ने आकडे ताडणाऱ्याला आपल्यासारखाच झटका बसतो, फक्त २५७ वर. कोटलिनमध्ये == म्हणजे इक्वल्स आणि === म्हणजे ओळख. जावास्क्रिप्टमधलं === हे काही कोटलिनचं नव्हे; ते प्रकार न बदलता तुलना करतं, एवढंच. एकाच टीममध्ये मागची बाजू जावात आणि पुढची जावास्क्रिप्टमध्ये असेल तर कोड रिव्ह्यू करताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

जावास्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर तुमच्या लाँग आयडींबद्दलही सांगून ठेवतो. तिथे सगळे नेहमीचे आकडे डबल (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) असतात आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका मावत नाही. शेवटी ९९२ आणि ९९३ असलेले दोन वेगळे आयडी जेसनमधून (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) ब्राउझरमध्ये गेले की दोन्ही ९९२ होतात आणि === त्यांना समान म्हणतं. एक-दोन-तीन असे वाढणारे आयडी असतील तर तुम्हाला याचा त्रास नाही. वेळ आणि सर्व्हर क्रमांक जोडून बनवलेले लांबलचक आयडी असतील तर ते स्ट्रिंग म्हणून पाठवा.

१५०० आणि १५००.००

रकमेसाठी बिगडेसिमल (दशांश आकडे नेमके साठवणारा जावाचा प्रकार) वापरलं आहे हे उत्तम. डबल वापरलं असतं तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ आली असती आणि ही चर्चा वेगळ्याच दिशेने गेली असती.

बिगडेसिमल दोन गोष्टी साठवतं: दशांशचिन्ह नसलेला पूर्णांक आणि स्केल, म्हणजे चिन्हानंतर किती अंक. फॉर्ममधून आलेला १५०० म्हणजे पूर्णांक १५००, स्केल ०. दोन दशांश ठेवणाऱ्या डेसिमल कॉलममधून वाचलेला १५००.०० म्हणजे पूर्णांक १५००००, स्केल २. इक्वल्स दोन्ही भाग जुळायला हवेत असं मानते, म्हणून फॉल्स. कंपेअरटू फक्त किंमत बघते, म्हणून ०. तुमच्या ऑडिटचा 'बदल झाला का' हा तपास इक्वल्सने होतोय; तो कंपेअरटू ० येतो का, असा करा. आधी नल तपासा, कारण कंपेअरटूला नल सोसत नाही.

हा जावाचा वेडेपणा नाही. २.० ला ३ ने भागून हाफ-अप राउंडिंग (अर्धं किंवा जास्त उरलं तर वरचा आकडा) केलं तर ०.७ येतं, २.०० ला भागलं तर ०.६७. एकाच्या जागी दुसरा ठेवून उत्तर बदलत असेल तर दोघांना 'समान' का म्हणायचं, असा तो विचार आहे. बिलात ०.७ आणि ०.६७ मधला फरक शंभर फ्लॅटना गुणला की खजिनदार विचारायला येतोच.

पण याचा एक परिणाम पुढे जातो. हॅशसेट आणि हॅशमॅप इक्वल्सवर चालतात. ट्रीसेट आणि ट्रीमॅप कंपेअरटूवर. त्याच दोन रकमा हॅशसेटमध्ये टाकल्या तर दोन राहतात, ट्रीसेटमध्ये एक. रकमेवरून गट पाडणारा रिपोर्ट असेल तर 'क्रमाने हवं' म्हणून कुणी हॅशमॅपचा ट्रीमॅप करेल आणि एकूण गटांची संख्या बदलेल. म्हणून रक्कम सिस्टीममध्ये शिरते त्या एकाच जागी स्केल पक्कं करा: सेटस्केल २, राउंडिंग हाफ-अप. आत सगळीकडे दोन दशांश असले की इक्वल्सही बरोबर वागते.

शेवटची शून्यं काढणारी मेथडही आहे, आणि तुलनेसाठी ती सुचवणारे बरेच जण भेटतील. चालते, पण १५०० ची शून्यं काढली की ती स्केल उणे २ करते आणि टूस्ट्रिंग '१.५ई+३' छापते. पावतीवर हे गेलं तर फोन ठरलेला. छापताना टूप्लेनस्ट्रिंग वापरा. जावा ८ च्या आधीच्या आवृत्त्यांत तर ०.०० ची शून्यं निघतच नव्हती.

बिगडेसिमल डबलपासून बनवू नका. कन्स्ट्रक्टरला ०.१ डबल म्हणून दिला तर आत ०.१ च्या मागे सोळा शून्यं आणि मग ५५५१… असं लांबलचक शेपूट येतं, कारण डबलमध्ये तेच असतं. स्ट्रिंग द्या, किंवा व्हॅल्यूऑफ वापरा. युनिट टेस्टमध्ये असर्टइक्वल्स बिगडेसिमलवर स्केलमुळे फेल होतं तेव्हा टेस्टमधली अपेक्षित रक्कम '१५००.००' करून वेळ मारून नेऊ नका; असर्टजे या टेस्टिंग लायब्ररीत कंपेअरटूने तपासणारी वेगळी मेथड आहे.

कुठे व्याजाचं गणित डबलमध्ये असेलच तर 'फरक अमुक इतक्यापेक्षा कमी असेल तर समान' अशी तुलना करावी लागते. ती वेगळ्या नावाच्या मेथडमध्ये ठेवा, इक्वल्समध्ये कधीच नाही. अ हा ब च्या जवळ, ब हा क च्या जवळ, म्हणून अ हा क च्या जवळ असं होत नाही. इक्वल्सने मात्र ते पाळायलाच हवं. नॅनचंही (आकडा नसलेली किंमत) डोक्यात असू द्या: प्रिमिटिव्ह डबलमध्ये नॅन == नॅन फॉल्स येतं, आणि डबल ऑब्जेक्टच्या इक्वल्सने तेच ट्रू येतं. उलट ०.० आणि −०.० हे == ने समान, इक्वल्सने वेगळे.

सेटमध्ये असून नसलेली पावती

तुमच्या पावतीच्या क्लासवर लोंबॉक या कोड आपोआप लिहून देणाऱ्या लायब्ररीचं डेटा ॲनोटेशन आहे. ते सगळ्या फील्डवरून इक्वल्स आणि हॅशकोड (ऑब्जेक्टवरून काढलेला आकडा) बनवतं. त्यात 'स्थिती' हे फील्डही आलं. आता क्रम बघा. पावती 'थकीत' असताना सेटमध्ये टाकली. मग पैसे आले आणि त्याच ऑब्जेक्टची स्थिती 'भरले' केली. मग कंटेन्स विचारलं.

हॅशसेट आतून हॅशमॅपच असतो. पावती टाकताना तिचा हॅशकोड काढला जातो, त्याचे वरचे सोळा बिट खालच्यांत मिसळले जातात आणि त्यावरून सुरुवातीच्या १६ बकेटपैकी (कप्प्यांपैकी) एक निवडली जाते. मिसळलेला हॅश नोडमध्ये, म्हणजे बकेटमधल्या त्या नोंदीत, लिहूनही ठेवला जातो. स्थिती बदलली की पावतीचा हॅशकोड बदलतो, पण नोडमध्ये जुनाच राहतो. कंटेन्स नव्या हॅशने शोधायला जातं, बहुतेक वेळा दुसऱ्याच बकेटमध्ये. योगायोगाने बकेट तीच लागली तरी आधी नोडमधला हॅश ताडला जातो, तो जुळत नाही, आणि इक्वल्सपर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणून तोच ऑब्जेक्ट हातात धरून विचारलं तरी उत्तर 'नाही'. लूप फिरवला तर पावती दिसते, साइझ बरोबर येते, पण रिमूव्ह तिला काढू शकत नाही. सेट मोठा होऊन बकेटची संख्या दुप्पट झाली तरी फरक पडत नाही, कारण हलवाहलव नोडमधल्या जुन्याच हॅशने होते.

की म्हणून वापरलेल्या ऑब्जेक्टची इक्वल्स-हॅशकोडमधली फील्ड आयुष्यभर बदलता कामा नयेत. पावतीच्या बाबतीत पावती क्रमांक आणि सोसायटीचा कोड पुरेसे आहेत. लोंबॉकमध्ये 'फक्त सांगितलेली फील्डच घ्या' असा पर्याय आहे, तो लावून या दोनच फील्डवर खूण करा. एंटिटीवर (डेटाबेसमधल्या ओळीशी जोडलेल्या क्लासवर) डेटा ॲनोटेशन नकोच. सभासदाकडे पावत्यांची यादी आणि पावतीकडे सभासद असं दुहेरी नातं असेल तर हॅशकोड एकमेकांना बोलावत बसतात आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो; यादी लेझी (गरज पडल्यावरच वाचली जाणारी) असेल तर नुसत्या तुलनेपायी डेटाबेसकडे क्वेरी जाते.

डेटाबेसने दिलेल्या आयडीवर इक्वल्स लिहायची सवय सगळ्यांनाच असते. सेव्ह करण्याआधी आयडी नल, नंतर ७०४१. म्हणजे सेव्ह करणं हाच 'बदल' झाला आणि वरची गोष्ट पुन्हा घडली. ज्याला पावती क्रमांकासारखी नैसर्गिक की नाही, त्याला कन्स्ट्रक्टरमध्येच यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक) देऊन टाका. तेही जमत नसेल तर हॅशकोडमधून एकच स्थिर आकडा परत करा आणि इक्वल्समध्ये आयडी नल नसेल तरच ताडा. सगळे ऑब्जेक्ट एकाच बकेटमध्ये जातात, हे खरं. पण सेटमध्ये शंभर-दोनशे पावत्या असतील तर त्याने काही बिघडत नाही.

हायबरनेटचा (डेटाबेसच्या ओळी ऑब्जेक्टमध्ये आणणारी लायब्ररी) अजून एक टोला. लेझी लोड झालेला सभासद हा तुमच्या क्लासचा नसतो, त्याच्या पोटी जन्मलेल्या प्रॉक्सी, म्हणजे बदली, क्लासचा असतो. इक्वल्समध्ये गेटक्लास ताडलं तर प्रॉक्सी आणि खरा ऑब्जेक्ट वेगळे ठरतात. एंटिटीसाठी इन्स्टन्सऑफ वापरा. आणि समोरच्याचं फील्ड थेट वाचू नका, गेटरने वाचा: प्रॉक्सीमध्ये फील्ड रिकामंच असतं, खरी किंमत गेटर बोलावल्यावर येते. या एका ओळीपायी दिवस जातो.

साध्या क्लासमध्ये मात्र पुढे कुणी सबक्लास काढून नवं फील्ड घालेल अशी शक्यता असेल तर इन्स्टन्सऑफने एकतर्फी समानता होते: अ म्हणतो ब सारखा, ब म्हणतो अ वेगळा. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हे आहे. युटिल पॅकेजमधली डेट आणि एसक्यूएलमधला टाइमस्टँप घ्या. डेटला विचारलं तर समान येऊ शकतं, टाइमस्टँपला विचारलं तर कायम नाही. तुमच्या ऑडिट लॉगमध्ये तारखांच्याही खोट्या नोंदी पडत असतील तर इथे बघा, आणि लोकलडेटटाइमकडे वळा. क्लास फायनल (सबक्लास न काढता येणारा) ठेवला, किंवा जावा १६ पासून पक्का झालेला रेकॉर्ड (न बदलणाऱ्या फील्डचा क्लास) वापरला, तर प्रश्नच मिटतो. रेकॉर्डमध्ये ॲरे ठेवू नका. ॲरेची इक्वल्स म्हणजे नुसती ओळख, आत काय आहे ते ती बघत नाही. त्यासाठी ॲरेज क्लासची इक्वल्स आहे, आणि ॲरेच्या आत ॲरे असेल तर डीपइक्वल्स.

हाताने इक्वल्स लिहिताना पॅरामीटरचा प्रकार ऑब्जेक्टच हवा. तिथे 'पावती' लिहिलं की ती वेगळी मेथड होते. तुमचा कोड तिला बोलावतो, हॅशसेट मूळचीच बोलावतो. वर ओव्हरराइड ॲनोटेशन लिहिलं असेल तर कंपायलर लगेच पकडतो.

युआरएल क्लासबद्दल एक सूचना, तुमच्या पेमेंट गेटवेच्या कोडमध्ये तो सेटमध्ये आहे म्हणून. त्याची इक्वल्स दोन होस्टचे आयपी पत्ते शोधायला नेटवर्कवर जाते. दोन वेगळी नावं एकाच आयपीवर असतील तर ती समान ठरू शकतात, आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) हळू असेल तर सेटमध्ये टाकणंही हळू. युआरआय वापरा.

दोनदा आलेले कुऱ्हाडे

ही तक्रार जावाची नाही, पण तुमच्यासाठी सगळ्यांत महाग पडणारी हीच आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही.

'कुऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलं जातं आणि तिन्ही पडद्यावर सारखे दिसतात. पहिला: ऱ हे स्वतंत्र अक्षर, कोड ०९३१, मग हलंत, मग ह. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की हेच येतं. दुसरा: साधा र, त्याला नुक्ता (खालचा ठिपका), मग हलंत. तिसरा: साधा र, हलंत, आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, कोड २००डी. युनिकोडने जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून तोही चालू ठेवला आहे, आणि जुन्या मजकुरात तो भरपूर आहे. जावात लेंग्थ छापली तर पहिला ८, दुसरा ९, तिसरा ९. इक्वल्स तिघांना वेगळं म्हणणार आणि तिचं काही चुकत नाही.

नॉर्मलायझरने एनएफसी (युनिकोडच्या लेखी समतुल्य रूपं एका रूपात आणणं) केलं की दुसऱ्याचा पहिला होतो. तिसरा तसाच राहतो, कारण युनिकोडच्या लेखी तो समतुल्य नाही. इथे लोक घाईने जॉइनर पुसून टाकतात, आणि ते धोक्याचं आहे. जॉइनर काढला की उरतो र, हलंत, ह: म्हणजे रफार, 'कुर्हाडे'. 'दऱ्या' जॉइनरवाल्या पद्धतीने लिहिलेल्या असतील तर त्याच पुसण्याने त्यांचा 'दर्या' होतो. म्हणून आधी 'र, हलंत, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलंत' घाला, आणि मगच उरलेले जॉइनर काढा.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार ॲ. सोसायटीच्या यादीत 'ॲड.' लावलेले सभासद असतातच. एक कोड ०९७२ चा ॲ, जो युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. आणि दुसरा अ वर वेगळा चंद्र चढवलेला अॅ. एनएफसी यांना एक करत नाही. हाताने बदला. आ वर चंद्र देऊन केलेल्या ऑ चंही तेच. ल आणि श मात्र काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे आणि काहींत हिंदी वळणाचे दिसतात, त्यावर संशय घेऊ नका. तो फॉन्टचा फरक आहे, कोड एकच.

मग न दिसणारी पिल्लावळ. एक्सेलमधून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या नावामागे नो-ब्रेक स्पेस येते, कोड ००ए०. जावाची ट्रिम ती काढत नाही, आणि जावा ११ मधली स्ट्रिपही काढत नाही, कारण तिच्या व्याख्येत ही जागा 'रिकामी' नाही. आधी तिची साधी स्पेस करा. सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम (फाइलच्या आरंभीची न दिसणारी खूण) असेल तर पहिल्या कॉलमचं शीर्षक कशाशीच जुळत नाही आणि बाकी सगळे जुळतात. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका.

फ्लॅट नंबर १०४ देवनागरीत आणि 104 इंग्रजी आकड्यांत, हे स्ट्रिंग म्हणून वेगळे. जावाची पार्सइंट दोन्ही वाचते, पायथनची इंटही वाचते. जावास्क्रिप्टचं नंबर देवनागरीला नॅन म्हणतं. 'बी-१०४' असं असेल तर पार्स करता येत नाही, म्हणून अंक एका लिपीत आणण्याचं कामही त्याच फंक्शनमध्ये ठेवा.

क्रम असा लावा: एनएफसी, मग र-हलंत-जॉइनरची दुरुस्ती, मग ॲ आणि ऑ, मग उरलेले जॉइनर, नॉन-जॉइनर, झिरो विड्थ स्पेस आणि बीओएम काढणं, मग स्पेस एकसारख्या करून दोन्ही टोकं साफ, शेवटी अंक. सभासदाने लिहिलेलं मूळ नाव तसंच ठेवा, छापायला तेच. या फंक्शनमधून निघालेली स्ट्रिंग वेगळ्या कॉलममध्ये तुलनेची की म्हणून साठवा.

त्या कॉलमला बायनरी कोलेशन (स्ट्रिंग ताडायचे डेटाबेसचे नियम) द्या. मायएसक्यूएल ८ चं नेहमीचं कोलेशन कॅपिटल-स्मॉल आणि ॲक्सेंटचा फरक मानत नाही, म्हणजे जावा ज्यांना वेगळं म्हणते ते डेटाबेसला सारखे वाटू शकतात. बहुतेक जुनी कोलेशन शेवटच्या स्पेसही मोजत नाहीत, ०९०० वाली मोजतात. सर्व्हर अपग्रेड करताना कोलेशनही बदललं आणि अचानक नवे डुप्लिकेट दिसू लागले तर कारण हे असू शकतं. पोस्टग्रेसमध्ये नेहमीच्या कोलेशनला बाइट न् बाइट जुळावं लागतं. नल तर कुणाच्याच बरोबरीचा नाही, स्वतःच्याही नाही, म्हणून युनिक इंडेक्स (एक किंमत दोनदा येऊ न देणारा नियम) असूनही नल असलेल्या कितीही ओळी शिरतात. कीचा कॉलम नल न चालणारा करा.

जुन्या डेटावर हे चालवताना युनिक इंडेक्स सगळ्यांत शेवटी. आधी कॉलम घाला, भरा, आणि एकाच कीवर एकापेक्षा जास्त ओळी आहेत त्यांची यादी काढा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या याद्या असतील तर ती लांब येईल. ती यादी प्रोग्रामने आपोआप एकत्र करू नका. त्यात एकच माणूस दोनदा आलेला असतो, तसे एकाच नावाचे आजोबा आणि नातूही असतात, दोघांच्या नावावर वेगळे फ्लॅट आणि वेगळी थकबाकी. नाव, फ्लॅट आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक शेजारीशेजारी छापून यादी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे द्या, त्यांनी खुणा केल्यावर ओळी जोडा, पावत्या नव्या सभासद क्रमांकाकडे वळवा, आणि मग इंडेक्स लावा.